नेटवर्क व्यवस्थापन प्रणालीतील सर्व्हरची नावे व पत्ते : बदलाची नोंद आणि ओळखीचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयीन कारभारात सर्व्हर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. प्रवेशप्रक्रिया, ग्रंथालयातील देवघेव, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, संकेतस्थळ, प्रयोगशाळांतील सामायिक फाइली अशी अनेक कामे आवारातील किंवा बाहेर भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर चालतात. ही यंत्रे सुरू आहेत काय, त्यांच्यावर भार किती आहे, डिस्क किती भरली आहे यांवर अहोरात्र लक्ष ठेवणाऱ्या आणि बिघाड होताच संबंधितास कळविणाऱ्या संगणकप्रणालीस नेटवर्क व्यवस्थापन प्रणाली असे म्हटले जाते. नॅजिऑस, झॅबिक्स आणि ओपनएनएमएस या मुक्तस्रोत प्रणाली त्यांपैकी विशेष परिचित आहेत. शैक्षणिक संस्थांना त्या परवानाशुल्काशिवाय वापरता येतात.

सर्व्हरचे नाव किंवा पत्ता बदलला की या प्रणालीतील नोंदही बदलावी लागते. हे काम कारकुनी स्वरूपाचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. पडद्यावरील एका चौकटीतील जुना मजकूर पुसून नवा लिहावयाचा, एवढेच त्यात दिसते. वस्तुतः या नोंदीमागे ओळखीचा प्रश्न दडलेला असतो. नाव बदलले, पत्ताही बदलला, तरी यंत्र तेच आहे हे प्रणालीने कशावरून ठरवावे? या प्रश्नाचे उत्तर आधी ठरविले नसेल, तर बदलानंतर जुना इतिहास तुटतो, खोटे इशारे सुरू होतात, आणि क्वचित बंद पडलेला सर्व्हर पडद्यावर सुस्थितीत दिसत राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले असून बदलाचा सुरक्षित क्रम कोणता, याचाही विचार केला आहे.

नाव, पत्ता आणि ओळख

संगणकांच्या जाळ्यात पत्ता अंकांचा असतो आणि नाव माणसांच्या सोयीसाठी असते. अर्पानेटच्या काळात सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच फाइलीत ठेवले जात. ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती केंद्र सांभाळी आणि इतर सर्वजण तिच्या प्रती उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये नामव्यवस्थेचा, म्हणजेच डीएनएसचा, आराखडा मांडला. आजही आधारभूत मानली जाणारी तिची विनिर्देशपत्रे, आरएफसी १०३४ व १०३५, ही १९८७ मधील आहेत. या व्यवस्थेमुळे नाव कायम ठेवून त्यामागील पत्ता बदलणे सुलभ झाले. मात्र नावही बदलते तेव्हा काय करावे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

येथे महाविद्यालयीन व्यवहारातील एक उदाहरण उपयोगी पडेल. विद्यार्थिनीचे आडनाव विवाहानंतर बदलते, कोणी राजपत्रात प्रसिद्धी देऊन नाव बदलून घेतो, निवासाचा पत्ता तर कितीदा तरी बदलतो. तरीही तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका पहिल्या वर्षाच्या गुणांशी जोडता येते, कारण विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक बदलत नाही. नाव आणि पत्ता हे त्या क्रमांकाचे गुणधर्म आहेत; तो क्रमांक ही ओळख आहे. नेटवर्क व्यवस्थापन प्रणालीतही हेच तत्त्व असावयास हवे. ते तेथे सर्वत्र सारखे पाळले जात नाही, आणि निम्म्याहून अधिक अडचणी येथूनच सुरू होतात.

नाव ठेवण्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. ‘संगणकासाठी नाव निवडणे’ या अर्थाच्या शीर्षकाचे आरएफसी ११७८ हे पत्रक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राला त्यावरील प्रकल्पाचे किंवा वापरणाऱ्या व्यक्तीचे नाव देऊ नये, कारण काम बदलते आणि नाव तसेच राहते, असा सल्ला त्यात दिला आहे. ‘ग्रंथालय-२’ नावाचा सर्व्हर परीक्षा विभागात काम करीत असलेला पाहिला म्हणजे हा सल्ला पटतो. नद्या, तारे, किल्ले यांची नावे त्यामानाने टिकाऊ असतात. तेथेही तारतम्य हवेच. रायगड आणि राजगड ही दोन नावे शेजारच्या दोन सर्व्हरांना दिली, तर एका अक्षराच्या फरकाने मध्यरात्री भलताच सर्व्हर बंद केला जाण्याची पुरेपूर शक्यता आहे.

प्रणाली सर्व्हरला कशावरून ओळखते

देखरेखीच्या दोन दिशा असतात. पहिल्या दिशेत प्रणाली ठरावीक कालांतराने सर्व्हरकडे विचारणा करते. दुसऱ्या दिशेत सर्व्हर स्वतःहून प्रणालीकडे सूचना धाडतो. एसएनएमपी या प्रचलित नियमावलीत विचारणा १६१ क्रमांकाच्या पोर्टवर होते आणि सूचना, ज्यांना ट्रॅप म्हणतात, त्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येतात. विचारणेसाठी प्रणालीला सर्व्हरचा पत्ता ठाऊक असावा लागतो. सूचना आली की ती कोणत्या पत्त्यावरून आली हे पाहून प्रणाली ती योग्य यंत्राच्या नावे जमा करते. पत्ता बदलल्यावर केवळ पहिली दिशा दुरुस्त केली आणि दुसरीचा विसर पडला, तर सूचना येतच राहतात. पण त्या कोणाच्या, हे प्रणालीला सांगता येत नाही.

तिन्ही प्रणालींची ओळखीची रीत वेगवेगळी आहे. नॅजिऑसमध्ये यंत्राची व्याख्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. तीत नाव आणि पत्ता अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात व ओळख नावावर बेतलेली असते. पत्ता बदलणे त्यामुळे सोपे आहे. एक ओळ बदलून प्रणालीस फाइली पुन्हा वाचावयास सांगितले की काम झाले. नाव बदलणे मात्र नवे यंत्र जोडण्यासारखेच आहे. जुन्या नावाखालील घटनांच्या नोंदी जुन्याच नावाने राहतात आणि वर्षअखेरीस उपलब्धतेचा अहवाल काढताना एकाच सर्व्हरचे दोन अर्धे तुकडे समोर येतात. शिवाय सेवा, गट, परावलंबन यांच्या व्याख्यांत जेथे जेथे जुने नाव आले असेल तेथे तेथे ते बदलावे लागते. एकही जागा सुटली तर पूर्वतपासणीत प्रणाली तक्रार करते. हा त्रास नसून संरक्षण आहे, असे मानणे योग्य ठरेल.

झॅबिक्सची रचना याहून निराळी आहे. तेथे प्रत्येक यंत्राला विदागारात अंतर्गत क्रमांक असतो आणि मोजमापांचा इतिहास क्रमांकांशीच बांधलेला असतो. त्यामुळे पडद्यावरून नाव किंवा पत्ता बदलला तरी इतिहास शाबूत राहतो. विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येईल. तरीही एक फट उरतेच. सर्व्हरवर बसविलेला झॅबिक्सचा एजंट जेव्हा स्वतःहून माहिती पाठवितो, तेव्हा तो आपल्या फाइलीत लिहिलेले होस्टनेम सांगतो. ते नाव प्रणालीतील नावाशी अक्षरशः जुळावे लागते. लहानमोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. प्रणालीत नाव बदलले आणि एजंटच्या फाइलीत जुनेच राहिले, तर असे यंत्र सापडत नाही, अशी नोंद होऊन माहितीचा ओघ थांबतो. स्वयंनोंदणी सुरू ठेवलेली असेल तर उलटा घोळ होतो. एजंटने सांगितलेले अनोळखी नाव नव्या यंत्राचे समजले जाते आणि एकाच सर्व्हरच्या दोन नोंदी तयार होतात. केवळ दिसण्यापुरते नाव बदलावयाचे असेल, तर झॅबिक्समध्ये त्यासाठी वेगळे दृश्य नाव असते. मूळ नावास हात लावण्याची गरज नसते. ही सोय पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

ओपनएनएमएसमध्येही यंत्राला अंतर्गत क्रमांक मिळतो. यंत्रांची यादी बाहेरून पुरविली जात असेल, तर त्या यादीत प्रत्येक यंत्राला संस्थेने स्वतः ठरविलेली एक खूण देता येते. ही खूण तीच ठेवून नाव व पत्ता बदलले, तर प्रणाली ते जुनेच यंत्र समजते. एसएनएमपीने गोळा केलेली मोजमापे यंत्राच्या ओळखीखाली साठविली जातात, तर प्रतिसादकालाची मोजमापे आयपी पत्त्याच्या नावाखाली. परिणामी पत्ता बदलल्यावर डिस्कचा आलेख अखंड चालू राहतो आणि प्रतिसादकालाचा आलेख त्या दिवसापासून कोरा सुरू होतो. कारण ठाऊक नसल्यास हा बिघाड वाटण्याचा संभव असतो. आणखी एक बाब अशी की, नवा पत्ता स्वयंशोधाच्या कक्षेत असेल आणि नोंद बदलण्यापूर्वीच शोध लागला, तर प्रणाली त्या पत्त्यावर नवे यंत्र मांडून मोकळी होते.

या सर्वांतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जुनी नोंद काढून टाकून नवी घालणे हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग बहुधा सर्वांत महाग पडतो. नोंद काढताच तिच्याशी बांधलेला इतिहास जातो, आणि पुढील वर्षाच्या खरेदीच्या प्रस्तावास जोडावयाचे आलेखही त्याबरोबर जातात.

हिरव्या दिव्याचा धोका

चुकीच्या नोंदीचे परिणाम तीन प्रकारचे दिसतात. पहिल्यात सर्व्हर सुस्थितीत असूनही प्रणाली तो बंद असल्याचे ओरडून सांगते. यात मनस्ताप होतो, पण चूक तासाभरात लक्षात येते. दुसऱ्यात सूचना येणेच बंद होते. तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. त्यात प्रणालीला उत्तर मिळते, परंतु ते दुसऱ्याच यंत्राकडून.

समजा, अंतर्गत गुणांची नोंद ठेवणारा सर्व्हर जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलविला. त्याचा पत्ता १९२.०.२.१५ होता, तो १९८.५१.१००.१५ झाला. (हे दोन्ही पत्ते केवळ उदाहरणांत वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या गटांतील आहेत.) डीएनएसमधील नोंद बदलली, प्राध्यापकांना गुण भरता येऊ लागले, सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. व्यवस्थापन प्रणालीत मात्र जुना पत्ता तसाच राहिला. इशारा यावयास हवा होता. पण मोकळा झालेला जुना पत्ता त्याच आठवड्यात कार्यालयातील नव्या प्रिंटरला आपोआप दिला गेला. प्रणालीने पिंग केले. प्रिंटरने उत्तर दिले. प्रणालीने ८० क्रमांकाच्या पोर्टवर वेबपान आहे काय ते पाहिले. जाळ्यावरील बहुतेक प्रिंटरांना स्वतःचे व्यवस्थापनाचे वेबपान असते, तेही उघडले. दिवा हिरवाच राहिला. पुढे गुण भरण्याच्या शेवटच्या दिवशी खऱ्या सर्व्हरची डिस्क भरली आणि नोंदी स्वीकारल्या जाईनात, तेव्हा प्रणाली प्रिंटरच्या प्रकृतीची ग्वाही देत होती.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील तत्त्वास इतिहासाचा आधार आहे. इंटरनेटच्या नामव्यवस्थेच्या मुळाशी ए ते एम अशा तेरा अक्षरांनी ओळखले जाणारे मूळ नामसर्व्हर आहेत. त्यांपैकी आयकॅन ही संस्था चालवीत असलेल्या एल या सर्व्हरचा पत्ता नोव्हेंबर २००७ मध्ये बदलला. जुना पत्ता संक्रमणासाठी काही महिने चालू ठेवून मे २००८ मध्ये बंद करण्यात आला. या मधल्या काळात आयकॅनशी संबंध नसलेली काही यंत्रेही त्या जुन्या पत्त्यावर उत्तरे देत असल्याचे आढळून आले. विचारणाऱ्याच्या दृष्टीने पत्ता तोच होता आणि उत्तरही येत होते.

पिंगला मिळालेले उत्तर त्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढेच सिद्ध करते. कोण आहे, हे विचारावे लागते. एसएनएमपीमध्ये त्यासाठी सिस्टिम गटातील सिसनेम हे मूल्य उपलब्ध आहे. १९९१ च्या आरएफसी १२१३ मध्ये त्याची व्याख्या असून त्यात यंत्राचे पूर्ण नाव ठेवण्याचा संकेत आहे. प्रणालीने दर वेळी हे मूल्य वाचून अपेक्षित नावाशी ताडून पाहावे, अशी तपासणी बसविता येते. वेबसेवेच्या बाबतीत पान उघडते एवढ्यावर न थांबता त्या पानावरील ठरावीक शब्द सापडतो काय आणि सुरक्षा प्रमाणपत्रावरील नाव जुळते काय, हे पाहता येते. वरील उदाहरणातील प्रिंटर यांपैकी पहिल्याच कसोटीत उघडा पडला असता. दूरस्थ प्रवेशाच्या वेळी यंत्राची गुप्तखूण बदलल्याचा इशारा आला, तर तो वाचण्याआधीच पुसून टाकण्याची सवय अनेकांना असते. पत्ता बदलण्याच्या दिवशी ही सवय विशेष धोक्याची आहे.

बदलाचा क्रम

कामाची सुरुवात बदलाच्या दिवसापूर्वी होते. डीएनएसमधील प्रत्येक नोंदीबरोबर तिचे आयुर्मान, म्हणजे टीटीएल, सेकंदांत दिलेले असते. ते ८६,४०० असेल, तर एकदा विचारलेला पत्ता इतर नामसर्व्हर चोवीस तास लक्षात ठेवू शकतात. म्हणून बदलाच्या किमान एक दिवस आधी हे आयुर्मान ३०० सेकंदांसारखे अल्प करावे लागते. आदल्या रात्री ते कमी करून सकाळी पत्ता बदलला तर उपयोग होत नाही. ज्यांनी आयुर्मान कमी करण्यापूर्वी विचारणा केली, त्यांच्यापाशी जुनी प्रत जुन्या मुदतीसह शिल्लक असते. बदल स्थिरावल्यावर आयुर्मान पूर्ववत करावे.

बदलाच्या वेळी प्रणालीत नियोजित देखभालीचा कालावधी नोंदवावा. त्यामुळे इशारे थांबतात, नोंद मात्र राहते. पत्ता बदलताना शक्य असेल तेथे सर्व्हरला काही काळ जुना व नवा असे दोन्ही पत्ते द्यावेत आणि प्रणालीने दोहोंवर लक्ष ठेवावे. डीएनएसमध्ये नावावरून पत्ता सांगणारी नोंद बदलली की पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंदही बदलावी. ही दुसरी नोंद हमखास विसरली जाते, कारण तिच्यावाचून प्राध्यापकांचे किंवा विद्यार्थ्यांचे काही अडत नाही. व्यवस्थापन प्रणालीचे मात्र अडू शकते. ओपनएनएमएससारखी प्रणाली यंत्राचे दर्शनी नाव उलट नोंदीवरून घेऊ शकते आणि मग नव्या पत्त्यावर जुन्याच कोणाचे तरी नाव झळकते.

प्रणालीत यंत्राची नोंद नावाने करावी की पत्त्याने, याविषयी मतभेद आहेत. नावाने केल्यास पुढील बदलाच्या वेळी एकाच ठिकाणी, म्हणजे डीएनएसमध्ये, दुरुस्ती पुरते. पण नामसर्व्हर बंद पडला की प्रणालीला कोणीच सापडत नाही आणि संपूर्ण पडदा लाल होतो. नेमक्या बिघाडाच्या क्षणी बिघाड कोठे आहे हे कळेनासे होते. नॅजिऑसमध्ये पत्त्याची नोंद न दिल्यास नावच पत्ता म्हणून वापरले जाते, आणि तसे करण्यातील हा धोका त्या प्रणालीच्या मार्गदर्शिकेतच सांगितला आहे. झॅबिक्समध्ये दोन्ही नोंदवून कोणत्या आधारे संपर्क साधावयाचा ते निवडता येते. लहान व मध्यम संस्थांनी महत्त्वाच्या सर्व्हरांवर पत्त्यानेच लक्ष ठेवावे आणि नावावरून तोच पत्ता मिळतो काय, याची वेगळी तपासणी लावावी, हे अधिक श्रेयस्कर होय. नामसर्व्हरवर तर नावाने लक्ष ठेवणे निरर्थकच आहे.

आतापर्यंत सर्व्हरचा पत्ता बदलल्याचा विचार केला. व्यवस्थापन प्रणालीचा स्वतःचाच पत्ता बदलतो, तेव्हा काम कितीतरी वाढते. प्रत्येक सर्व्हरवरील एजंट कोणाच्या विचारणेस उत्तर द्यावयाचे याची यादी बाळगून असतो. नव्या पत्त्यावरून आलेल्या प्रणालीला तो परका समजून दार बंद ठेवतो. ट्रॅप पाठविण्याचे ठिकाण, फायरवॉलचे नियम, स्विच व राउटर यांतील परवानग्या या सर्वांत जुना पत्ता लिहिलेला असतो. अशा वेळी आधी सर्वत्र नवा पत्ता जोडावा, प्रणाली हलवावी, सारे सुरळीत झाल्याची खात्री करून मगच जुना पत्ता काढावा. जोडणे आणि काढणे एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा.

जुन्या पत्त्याचे आयुष्य

पत्ता बदलण्याचे काम अवघड आहे, ही जाणीव जुनी आहे. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने १९९६ मध्ये आरएफसी १९०० प्रसिद्ध केले. पत्ते बदलण्याच्या पद्धतीवर बरेच काम व्हावयास हवे, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. पुढे २०१० मध्ये याच विषयावर आरएफसी ५८८७ आले. चौदा वर्षांत शीर्षकात भर पडली ती ‘अजूनही’ या अर्थाच्या एका शब्दाची. यंत्रे बदलण्यास वेळ लागत नाही. पत्ता जेथे जेथे उतरवून घेतला गेला आहे ती प्रत्येक जागा शोधण्यास वेळ लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मूळ नामसर्व्हरांपैकी जे या अक्षराचे आहे. त्याचा पत्ता नोव्हेंबर २००२ मध्ये बदलला. नवा पत्ता जाहीर झाला, याद्या अद्ययावत झाल्या, आणि नामसर्व्हरची अनेक सॉफ्टवेअरे सुरू होताना चालू पत्त्यांची यादी स्वतःच विचारून घेतात. असे असूनही जुन्या पत्त्यावर विचारणा येत राहिल्या. तेरा वर्षांनंतर, २०१५ मध्ये, त्या विचारणांचा अभ्यास मांडला गेला, तेव्हाही त्या थांबलेल्या नव्हत्या. बी या मूळ सर्व्हरचा पत्ता २७ नोव्हेंबर २०२३ रोजी बदलला, तेव्हा जुना पत्ता पुढे किमान वर्षभर चालू ठेवण्याचे आधीच जाहीर करण्यात आले होते.

महाविद्यालयाच्या आवारात हे प्रमाण लहान असले तरी प्रकार तोच असतो. पूर्वीच्या एखाद्या सहकाऱ्याने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, रात्रीच्या प्रतिकाळजीच्या आज्ञावलीत, प्रयोगशाळेतील संगणकांच्या स्थानिक होस्ट फाइलींत, भिंतीवर डकविलेल्या सूचनापत्रकात जुना पत्ता शिल्लक असतो. यांतील काही जागा वर्षातून एकदाच, परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या वेळी, जाग्या होतात. म्हणून मोकळा झालेला पत्ता किमान एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष दुसऱ्या कोणास देऊ नये आणि आपोआप वाटपाच्या कक्षेतूनही तो वगळावा. त्या काळात व्यवस्थापन प्रणालीत जुन्या पत्त्यासाठी उलट तपासणी ठेवता येते. तेथून उत्तर आले नाही तर सर्व ठीक, आणि उत्तर आले तर इशारा. झॅबिक्समध्ये अशी अट सहज लिहिता येते. नॅजिऑसमध्ये तपासणीचा निकाल उलटा करणारे निगेट नावाचे साधन उपलब्ध आहे. राउटरवर किंवा फायरवॉलवर त्या पत्त्याकडे कोण येऊ पाहत आहे याची नोंद ठेवली, तर विसरलेल्या जागांची यादी एकेक करून हाती येते. प्रवेशाचा आणि परीक्षांचा हंगाम पार पडूनही त्या यादीत नवे नाव आले नाही, की तो पत्ता पुन्हा वापरात घेण्यास हरकत नाही.